मोहिनीचं मेण

टक् करून विजेच्या शेगडीचं बटण आपोआप बंद झालं आणि दुपारचं निपचित घर दचकलं. सारिका ब्रश हातात तसाच धरून थांबली. पलीकडच्या खोलीत जुईने कूस बदलली, ओठांनी चुटचुट आवाज केला आणि पुन्हा झोपली. सुटले बाई, असं मनाशी म्हणत सारिकाने श्वास सोडला. चार वर्षांच्या पोरीची आई दुपारी जे काही करते ते सगळं उसन्या वेळातलं. कुणी जागं झालं की लगेच परत करायचं.

तवा पुरेसा तापला की शेगडी बंद व्हायची, निवला की पुन्हा सुरू. तव्यावर स्टीलच्या छोट्या वाट्या, प्रत्येकीत वितळलेलं मेण आणि त्या मेणात एकेक रंग. हिरवा, गेरू, काजळी. ब्रश वाटीत बुडवून लाकडी फळीवर टेकवला की रंग जागीच थिजायचा. मग गरम हवेची बंदूक, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते तसली, वरून फिरवायची. वरचा थर जरासा विरघळून खालच्याला धरून बसायचा. असे थरावर थर. खालचं दिसत राहतं, पण हाताला लागत नाही. लग्नाआधी धुळ्याला चित्रकला शिकत असताना तिने हे काम एका शिबिरात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ते तिच्या मनात घर करून बसलं होतं. घर होतं, फक्त जागा नव्हती.

जागा मिळाली ती यंदा. जळगावच्या त्यांच्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती, मोहिनीची. मोहिनी म्हणजे सारिकाच्या नवऱ्याची, भूषणची, धाकटी बहीण. कॉलेजात असताना तापाचं निमित्त झालं आणि गेली. सारिका या घरात आली त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. तिला मोहिनी माहीत होती ती भिंतीवरच्या फोटोतली, हसताना एक डोळा बारीक झालेली. तिच्या खोलीला कधी कुलूप नव्हतं. तिथे धान्याच्या कोठ्या होत्या, गोधड्यांची चवड होती. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुण्यांनी घर फुटायला आलं तरी त्या खोलीत कुणाचं अंथरूण पडत नसे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. पडत नसे, एवढंच.

सारिकाने आधी स्वयंपाकघरातच मेण वितळवून पाहिलं. जुई वाटीकडे हात घेऊन धावली आणि सासूबाई, प्रमिलाबाई, ओरडल्याच.

"पोरगी भाजाई जाई ना व माय! स्वयंपाकघर शे का कारखाना शे हाई?"

त्या दोंडाईचाकडच्या. एरवी शहरातलं मराठी बोलायच्या, पण राग आला की किंवा माया दाटली की अहिराणी आपोआप यायची. सारिकाने सगळं आवरून ठेवलं. आता हे गेलं, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाईंनी मागच्या खोलीचं दार सताड उघडलं, कोठीवर हात आपटला आणि म्हणाल्या, "हाई ले. काढी टाक बठ्ठं. घर काय बंद ठेवाले ऱ्हास का?"

आणि मागे न बघता भाजी निवडायला बसल्या.

भूषण वरणगावच्या कारखान्यात कामाला. रोजची जा-ये. सुट्टीच्या दिवशी त्याने खिडकीत धूर ओढणारा पंखा बसवला, शेगडीसाठी जाड वायर ओढली. सारिका एकेक नियम सांगत होती. पंखा चालू असल्याशिवाय मेण तापवायचं नाही, तापल्या मेणाजवळ पाणी नको, उघडी ज्योत तर नकोच, धूर दिसला की आधी बटण बंद. आणि जुईने उंबऱ्याच्या आत यायचं नाही.

"बापरे. आमच्याकडे काडतुसं करतात, तिथंसुद्धा एवढा धाक नाही."

"तुमच्याकडे चार वर्षांची पोरगी नसते."

"साहेब असतात ना," भूषण म्हणाला, आणि ड्रिल भिंतीला लावताना थबकला. "इथं टेबल होतं तिचं." मग त्याने भोक हातभर बाजूला पाडलं. फळ्या ठेवायची मांडणी त्यामुळे आजही जराशी अडनिडी बसली आहे.

गाळलेलं मेण पार्सलने आलं. राळ तिने काष्ठौषधीच्या दुकानातून आणली, खलात कुटली, मेणात विरघळवली. मेण नुसतंच असलं तर मऊ राहतं, राळेनं त्याला कणखरपणा येतो. पण मोठी फळी करायला घेतली आणि मेण कमी पडलं. दुसरं पार्सल यायला वेळ होता. नेमकी त्याच दुपारी तिला कोनाड्यात एक नरेटी, नारळाची करवंटी, सापडली. आत मेणाचा गोळा, चिकूएवढा, तळाशी सपाट, जुनकट तपकिरी, धूळ बसलेला. बठ्ठं, म्हणजे सगळंच, काढी टाक, असं सासूबाईंनीच सांगितलेलं. खोलीतल्या गोणपाटासारखं, तुटक्या चपलांसारखं हेही काढायचंच होतं. तिने तो गोळा धुतला, पुसला.

गोळ्याच्या वरच्या अंगाला खळगे होते. कुणीतरी बोटांनी चिमूट चिमूट खुडून नेलं असावं तसे. सगळे एकाच बाजूला कललेले, वाऱ्यानं ज्वारी उजवीकडे लवावी तसे. सारिकाने सहज आपला अंगठा एकात टेकवला. बसला नाही. तिचा अंगठा रुंद होता.

मग तिने गोळा वाटीत टाकला. कडा आधी सैल झाल्या, तळ सुटला, पण खळगे मात्र बराच वेळ तग धरून राहिले. पिवळ्या मेणात तरंगत, एकेक करून मिटत गेले. त्या वेळी खोलीत एक वास आला. खोबरेल तेलाचा आणि नव्या वह्यांचा. पंखा गरगरत होता तरी तो वास खिडकीबाहेर जाईना.

ते सगळं मेण मोठ्या फळीवर गेलं. वादळानंतर चिरफाळलेलं केळीचं पान ती काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानाच्या देठाजवळ एक खळगा होता.

काहीतरी टेकलं असेल, असं तिला वाटलं. तिने बंदूक फिरवली, मेण विरघळलं, पृष्ठभाग पुन्हा आरशासारखा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा खळगा. तिने जुईला उंबऱ्यावर बोलावून तिचं बोट लांबूनच ताडून पाहिलं. जुईचं बोट म्हणजे भेंडीचं टोक. दाराला वरची कडी होती, जुईचा हात काय, उडीही तिथवर पोचली नसती. उंदीर-पाल म्हणावं तर बाकीच्या फळ्या स्वच्छ. तिने मोठी फळी उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी सरळ केली. खळगा होताच. तिने त्यावर बोट ठेवलं. सगळी फळी गार होती, खळगा तेवढा कोमट होता, आत्ताच कुणी हात काढून घेतल्यासारखा.

कुणाला काय सांगणार? भूषणला सांगावं तर त्याचा चेहरा तिने ड्रिलच्या दिवशी पाहिला होता. सासूबाईंना सांगावं तर जागाच जाईल. तिने कुणालाच सांगितलं नाही. काम करताना मात्र तिला वाटायचं की डाव्या खांद्यामागे कुणीतरी उभं आहे, शिकायला आलेल्या पोरी उभ्या राहतात तसं, श्वास धरून. वळून बघितलं की खिडकी, आणि खिडकीत आभाळ भरून आलेलं. ती घाईनं ब्रश चालवायची. थांबली तर ते जवळ येईल असं वाटायचं.

जुईला मात्र ह्यात काही वावगं दिसत नव्हतं. सकाळी दुधाचा पेला घेऊन ती उंबऱ्यावर बसायची.

"मम्मी, आज पण आलं?"

"काय गं?"

"बोट."

"आलं."

"मग पुस," जुई म्हणायची आणि दुधाची मिशी जिभेनं चाटायची.

सारिका पुसायची. रोज. न चुकता.

श्रावण लागला. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी घरात कानबाई बसायची. खानदेशातल्या घरांचा हा मोठा सण. नारळाला डोळे, नाक, नथ लावून देवीचं मुखवटं करायचं, संध्याकाळी सगळे भाऊबंद जमायचे, सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवण. प्रमिलाबाई मुखवटं पडद्याआड बसून एकट्याच करायच्या, आणि पूर्ण झाल्यावरच बाहेर आणायच्या. सारिका सून म्हणून पुरणाचं, दळणाचं सगळं बघायची, पण पडद्याच्या आत तिला कधी कुणी बोलावलं नव्हतं.

शुक्रवारी प्रमिलाबाई गहू पाखडताना म्हणाल्या, "सारिका, त्या खोलीत कोनाड्यात एक नरेटी होती. मेणाची. कुठं ठेवली तू?"

सारिकाच्या हातातलं ताट परातीवर आदळलं.

"बघते आई. इथंच कुठं असेल."

"बघ. नथ, डोळे त्यानंच लावते मी." त्यांचं सूप थांबलं. "मोहिनी लावायची आधी. दहा वर्षांची असल्यापासून मुखवटं तीच करायची. माझ्या हातची नथ वाकडी बसते म्हणायची. मेणाचा गोळा घ्यायचा आणि त्यातून खुडायचं, खुडायचं. तिना बोटे शेतस त्यावर. अजून शेतस." त्या पुन्हा पाखडू लागल्या, पण सुपातलं दिसत नसावं, कारण चांगले गहूच बाहेर उडत होते. "मी वरतून नही लेस. खालून लेस थोडं थोडं. वरनं तसंच ऱ्हाऊ देस."

खालून. म्हणूनच गोळ्याचा तळ सपाट होता आणि वरची मोहिनीची बोटं शाबूत.

सारिका "शोधते" म्हणून उठली आणि त्या खोलीत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. समोर केळीचं पान. देठाजवळ सकाळचं पुसलेलं गुळगुळीत मेण. जे काही उरलं होतं ते या फळीत होतं, थरांच्या खाली, राळेत मिसळलेलं, आणि तिथून ते परत काढायची विद्या जगात कुणाकडे नव्हती.

सांगायचं होतं तर त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे आधी खोली आली. गोण्या परत आत येताहेत, शेगडी माळ्यावर जातेय, दुपारी पुन्हा नुसतं जुईशेजारी आडवं होऊन छताकडे बघणं आहे. ह्या विचाराची तिला तेव्हाच लाज वाटली. लाज वाटली तरी विचार गेला नाही.

शनिवारी जुई झोपल्यावर तिने नवं मेण वितळवलं, त्यात गेरू आणि चिमूटभर काजळी घालून तो जुनकट तपकिरी रंग साधला. निवत आल्यावर हातावर वळून चिकूएवढा गोळा केला, तळ सपाट केला. थोडं खोबरेल चोळलं. आणि करंगळीनं, अंगठा रुंद म्हणून करंगळीनं, वरच्या अंगाला खळगे पाडले. एक, मग शेजारी दुसरा. आपण हे काय करतोय? कुणाची बोटं कुणाच्या आईला देतोय? हात थांबले नाहीत. हात फार सफाईदार चालले. चित्रासाठी कमावलेले ते सराईत हात तिला त्या वेळी परके वाटले.

गोळा नरेटीत ठेवून तिने ती सासूबाईंच्या देवघरात नेऊन ठेवली. "सापडली का? बरं झालं," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी उघडून पाहिलं नाही.

रविवारी घर धुवून निघालं. अंगणात रांगोळी पडली, भूषण केळीचे खांब आणायला गेला. देवघराला पडदा लागला. सारिका पुरण वाटत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"सारिका. आत ये जरा."

आजवर कधी न आलेली हाक. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि पडदा सारला.

प्रमिलाबाई पाटावर बसलेल्या. समोर चौरंगावर नारळ, अजून बिनडोळ्यांचा. नथ एका वाटीत. त्यांच्या तळहातावर तो गोळा होता आणि त्या डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत होत्या.

"हे कुणी केलं?"

सारिकाने मागे पडदा ओढून घेतला.

"मोहिनी डावरी होती, पोरी," त्या म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच. "जेवताना बोलणी खायची त्यासाठी. डाव्या हातानं खुडायची. तिचे खळगे उजवीकडं लवायचे. हे डावीकडं लवलेत."

बाहेर कुणाच्या तरी दारात ताशा वाजायला लागला होता. सारिका खाली बसली.

"आई, ते मी वितळवलं. चित्राला. मला माहीत नव्हतं काय आहे ते."

"ते ठीक शे. माहीत नव्हतं." प्रमिलाबाईंनी डोळे उघडले. "आणि परवा कळल्यावर?"

"कळल्यावर भ्याले."

"माले?"

"खोली परत घ्याल म्हणून."

प्रमिलाबाई ओरडतील, नरेटी फेकतील, रडतील, सारिकाने सगळ्याची तयारी केली होती. त्यांनी गोळा अलगद खाली ठेवला, जणू त्यालाही लागेल.

"तुले खोली देवाना दिवशी मी आख्खी रात झोपनू नही," त्या हळू म्हणाल्या. "मनमा बठ्ठं मोजं. तिना कपडा कोठे, पुस्तके कोठे, कोणले काय दिधं. आणि हाई एक चीज उचलाले इसरनू. तिनी माय शे मी, आणि मीच इसरनू. तुले काय बोलू?"

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. सारिकाला ते वाक्य सोसेना. ती उठली आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना घेऊन मागच्या खोलीत गेली. काय दाखवायचं ते तिने ठरवलं नव्हतं. इतकंच कळत होतं की जे आहे ते इथे आहे, आणि ते त्यांचं आहे.

आज सणाच्या धांदलीत ती सकाळपासून खोलीत फिरकलीच नव्हती. पहिल्यांदाच खळगा पुसायचा राहिला होता.

"ह्या फळीत आहे ते मेण," ती म्हणाली.

प्रमिलाबाई फळीजवळ गेल्या. चष्मा वर सारून, मान वाकडी करून, खिडकीच्या उजेडात त्यांनी केळीचं पान पाहिलं, मग देठ. देठाजवळचा खळगा. अरुंद. उजवीकडे लवलेला. त्याला लागून दुसरा, छोटा, अंगठ्यासमोर दुसरं बोट टेकतं तिथे. खुडताना टेकतं तसा.

त्यांनी आपला अंगठा खळग्यावर नेला, टेकवला नाही, केसभर वर धरून ठेवला.

"कोमट शे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू केलं?"

"नाही आई. शपथ. मी उजव्या हाताची."

ताशा जवळ आला होता. प्रमिलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं, आणि एकाएकी त्यांच्या आवाजात सणाची घाई परत आली. "नथ लावायची राहिलीय. लोक येतील. सारिका, ह्या फळीचं खालून घेऊ का थोडं? कडेचं? चित्र नही बिघडणार ना तुनं?"

सारिकाने शेगडी लावून सुरीचं पातं तव्यावर धरून कोमट केलं आणि त्यांच्या हातात दिलं. प्रमिलाबाई खाली वाकल्या. फळीच्या खालच्या कडेशी जिथे मेण ओघळून जाड झालं होतं, तिथून त्यांनी वाटाण्याएवढं मेण सोडवलं, बोटांत मळलं, नाकाशी नेलं. आणि तशाच उकिडव्या बसून राहिल्या. सारिका त्यांच्या शेजारी टेकली. त्या सरकल्या नाहीत, उलट त्यांचा खांदा सारिकाच्या खांद्याला लागला आणि लागलेलाच राहिला. नव्या वह्यांचा, खोबरेलाचा वास खोलीभर होता.

उंबऱ्यावर जुई उभी होती. नवा परकर, कपाळावर कुंकू, हातात अर्धा लाडू. आत यायचं नाही हा नियम तिने सणाच्या दिवशीही पाळला होता.

"आजी, ते रोज येतं," ती म्हणाली. "तू नव्हतं बघितलं?"

प्रमिलाबाईंनी मान वर केली. "काय येतं व माय?"

"बोट. मी सगळ्यांत आधी बघते. मग मम्मी गरम हवा सोडते आणि ते जातं."

"रोज?"

"रोज."

प्रमिलाबाईंची नजर सावकाश सारिकाकडे वळली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला खाली बघता आलं असतं.

"कुणाचं बोट होतं गं आजी?" जुईने विचारलं.

"तुनी आत्यानं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मोहिनी आत्याचं."

भिंतीपलीकडे आत्याचा फोटो होता त्या दिशेला जुईने पाहिलं, मग फळीकडे, मग आईकडे. लाडवाचा घास तिने गालात तसाच धरला होता.

"मम्मी, आत्या रोज येत होती, तर मग तू तिला रोज पुसत का होतीस?"